पावती कुणाच्या नावावर?



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मला आठवी-नववीत मराठी शिकवलं. 'आमचे घर' या विषयावर मी एकदा निबंध लिहिला. सरांनी लाल शाईने प्रत्येक 'घर' खोडून वर 'खोली' लिहिलं आणि खाली शेरा मारला, 'घर गावाला असते.' वर्गात हशा पिकला, पण कुणालाच ते खोटं वाटलं नाही. आमच्या लालबाग-परळात बोलायची रीतच ती होती. गावाला घर, मुंबईला खोली. आणि खोली म्हणजे काही हलकी गोष्ट नव्हे. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले, तेही ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांतच.

घर आणि खोली यांतला हा भेद पुढे माझ्या पोटापाण्याचा धंदा झाला. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे आमच्या तोंडच्या स्मॉल कॉज कोर्टात, मी पस्तीस वर्षं मालक-भाडेकरूंचे दावे चालवले. पत्रिकेवर आजचा विषय 'मुंबईतील जागा आणि समाजजीवन' असा छापला आहे. तो एवढा मोठा आहे की त्यात मीच हरवेन. म्हणून मी त्यातला एकच कागद उचलतो: भाडेपावती.

आज इथे बसलेल्या साठीच्या पुढच्या सगळ्यांनी ती पाहिली असेल. वीतभर लांब, चार बोटं रुंद. वर छापलेलं मालकाचं नाव, खाली शाईने भरलेला महिना, खोलीचा नंबर, रुपये आणि 'श्री.' या अक्षरापुढे एक नाव. त्या रेघेवर एकच नाव मावायचं. आईने ती रेशनकार्डाबरोबर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली असायची आणि डबा ट्रंकेच्या तळाशी. भाडं चुकलं तरी चालेल, पावती चुकता कामा नये. मालकाचा मेहताजी भाडं घेऊन पावती देईनासा झाला की चाळीला वास यायचा, काहीतरी शिजतंय. चाळीवर हसणारं आणि चाळीसाठी रडणारं साहित्य आपल्याकडे रग्गड आहे. पावतीवर मात्र कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या वाचनात नाहीत. मला आज एवढंच सांगायचं आहे की खोलीत एक गाव राहायचं आणि पावतीवर एक माणूस राहायचा. जोवर खोलीला किंमत नव्हती तोवर या दोघांचं जमलं.

गाव राहायचं, हे मी अलंकारिक बोलत नाही. गिरणगावात 'गावकीच्या खोल्या' होत्या, काही अजूनही आहेत. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतल्या गावांनी, कधी एकेका वाडीने, वर्गणी काढून लालबाग, चिंचपोकळी, करी रोड, डिलाईल रोड, परळ या पट्ट्यात एखादी खोली पागडीने, म्हणजे भाड्याशिवाय एकरकमी पैसे मोजून, घेतलेली असायची. गावातून नवा पोरगा बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरला, नाहीतर एसटीने आला, की त्याला पत्ता माहीत असायचा. आई-बापाने चिठ्ठी देण्याचीही गरज नव्हती. खोलीवर यायचं, ट्रंक ठेवायची, दुसऱ्या दिवसापासून कुणीतरी गाववाला त्याला बदली म्हणून गिरणीच्या दारात उभा करायचा.

खोली दहा बाय बाराची. नावं पंचवीस-तीस. ती मावायची कशी? गिरणीला तीन पाळ्या, म्हणून खोलीलाही तीन पाळ्या. पहिली पाळी कामावर असताना तिसरी पाळी झोपलेली. भिंतीला खुंट्यांची रांग, प्रत्येकाची खुंटी ठरलेली. छपराखाली फळी, तिच्यावर ट्रंका, ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नावं. वळकट्या कोपऱ्यात. स्वयंपाक नाही, जेवण खानावळीत. एप्रिल-मे महिन्यांत झोप गॅलरीत, गॅलरी भरली की खाली फुटपाथवर. खोलीच्या कारभाऱ्याकडे एक वही. त्या वहीत दरमहाची वर्गणी, भाडं, दिव्याचं बिल. शिवाय जे भाड्याशी कधीच जुळत नाही असं बरंच काही. गावच्या देवळाच्या कौलांचे पैसे, शाळेच्या बाकांचे पैसे, अमक्याच्या मयताचा खर्च, तमक्याला केईएममध्ये दाखल केलं त्या दिवशीची टॅक्सी.

आता तुम्हाला एक शब्द दाखवतो. 'कार्पेट एरिया'ला सरकारी मराठीत 'चटईक्षेत्र' म्हणतात. ज्या कुणा भाषांतरकाराने तो शब्द घडवला, त्याला बहुधा गावकीच्या खोलीची कल्पना नसावी. पण शब्द अचूक बसला. त्या खोलीचं माप चटईवरच होतं. माणसाच्या वाट्याला एका चटईची रुंदी, तीही आठ तासांसाठी. जगात कुठे चटईक्षेत्राचा इतका कडक हिशेब झाला असेल असं मला वाटत नाही.

आमच्या कोर्टातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की जेर महल लागतो. त्या इमारतीत गोव्याच्या गावांच्या कुडी आहेत. कूड म्हणजे तीच गोष्ट, फक्त ट्रंक तारवटीची, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या खलाशाची, आणि कोपऱ्यात गणपतीच्या तसबिरीऐवजी गावच्या संताची वेदी. संध्याकाळी रोझरीला हजर राहायचा दंडक. गोव्याचं एक गाव आणि कोकणचं एक गाव, दोघांनी मुंबईत येऊन एकच युक्ती काढली, एकमेकांना न विचारता.

या खोल्यांची आठवण काढताना गहिवर येतो, आणि तो आला की मी सावध होतो. गावकीच्या खोलीत बाई नव्हती. बायको गावाला, शेताला आणि सासूला बांधलेली, नवरा वर्षातून दोनदा घरी, शिमग्याला आणि गणपतीला. मुंबईतल्या ज्या बायकांमुळे ही पंचवीस माणसं जगली त्या खानावळवाल्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा गिरणीतून काढलेला. त्या दहा-पंधरा-वीस गड्यांचे डबे करायच्या आणि पगार होईपर्यंत सावकाराकडून धान्याचे पैसे उचलायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. दुसरी गोष्ट जातीची. 'गावाची खोली' म्हणायचं, पण गावाचा तो अर्धा भागच तिथे यायचा ज्याला गावात देवळात जाता येत होतं. उरलेल्या अर्ध्याची खोली वेगळी, चाळ वेगळी, बहुतेक वेळा गिरणीतलं खातंही वेगळं. समाजजीवन या शब्दाने माझे डोळे पाणावत नाहीत ते यामुळे. गाव आलं ते वेशीसकट आलं.

तरीही जागेची गरज माणसांना कशी एकत्र करते हे पाहायचं असेल तर आमच्या लालबागच्या राजाकडे पाहा. तासन्‌तास रांगेत उभ्या राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की हा गणपती एका जागेच्या नवसाचा आहे? पेरू चाळीजवळचा उघड्यावरचा बाजार १९३२ साली बंद झाला. तिथे बसणारे कोळी आणि छोटे व्यापारी उघडे पडले. बाजाराला कायमची जागा मिळू दे म्हणून त्यांनी नवस बोलला. जमिनीचे मालक राजाबाई तय्यबअली यांनी भूखंड दिला, आणि १९३४ साली गणपती बसला. नवस फेडायला बसवलेला गणपती नवसाला पावणारा झाला यात नवल नाही. जमीनमालकाकडून जागा सुटणं, तेही मुंबईत, याहून मोठा चमत्कार कोणता? गिरगावात केशवजी नाईक चाळीतला उत्सव १८९३ पासूनचा, चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा. या सगळ्यांना मांडवाला जागा लागते, आणि ती जागा कुणाच्याच नावावर नसते. चाळीचा चौक, गल्लीचं तोंड, रस्त्याची कड.

आता कायद्याकडे येतो. इथे थोडं थांबावं लागेल, कारण गोम इथेच आहे.

दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर फाळणीत मुंबईत माणसांचा लोंढा आला. भाडी भडकू नयेत म्हणून १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि प्रमाणभाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं गेलं. हेतू चांगला होता. पण गोठवलेलं भाडं पन्नास वर्षं वितळलंच नाही. मालकाला भाड्यात रस उरला नाही, म्हणून डागडुजीतही उरला नाही. पावसाळ्यात इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा उपकरप्राप्त इमारती तेव्हा १९,६४२ भरल्या. त्यांतल्या सोळा हजारांहून अधिक १९४० पूर्वीच्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस सांगितलं की हे गोठवणं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग १९९९ चा नवा कायदा आला, वर्षाला चार टक्के भाडेवाढ आली. दहा रुपयांवर चार टक्के म्हणजे चाळीस पैसे.

हे सगळं पेपरांत आलेलं आहे. आलेलं नाही ते असं, की १९४७ च्या कायद्याने गावकीच्या खोलीला खोटं बोलायला लावलं.

एक, पागडी. १९४७ च्या कायद्याने पागडी घेणं हा गुन्हा होता. त्यामुळे गावाने भर घातली ती सगळ्यांत मोठी रक्कम, घरटी काढलेली, कुणी बैल विकून कुणी डाग गहाण टाकून दिलेली, तिची पावतीच नव्हती. असणं शक्यच नव्हतं. पागडी कायदेशीर झाली ती १९९९ च्या कायद्याने, तोवर देणारे बहुतेक गेले होते. दोन, पोटभाडेकरू. मालकाच्या संमतीविना दुसऱ्याला भाड्याने ठेवलं तर खोली खाली करून घ्यायला मालकाला तेवढं कारण पुरे. म्हणजे पंचवीस जण वर्गणी भरून झोपतात हे कबूल केलं की खोली गेली. मग मेहताजीने विचारलं, 'हे कोण?' की कारभारी सांगायचा, 'भाऊ आहे.' 'आणि तो?' 'चुलतभाऊ.' 'आणि हे बारा जण?' 'पाव्हणे. गावाहून आलेत.' मेहताजीलाही ठाऊक असायचं. तो चहा पिऊन जायचा. पण कागदावर दर महिन्याला हेच लिहिलं जायचं की इथे श्री. अमुक एकटेच राहतात. तीन, वारस. भाडेकरू वारला की मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. कायद्याला कुटुंब कळतं, गाव कळत नाही.

तुम्ही म्हणाल, गावाने मंडळ नोंदवायचं होतं. काहींनी नोंदवलं, आणि त्यांच्या खोल्या टिकल्या. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. एकट्यादुकट्याला हात मारता येत नाही. पण चिमणीच्या धुरात आयुष्य काढणाऱ्या माणसाला निबंधकाच्या कचेरीचं दार कोण दाखवणार? ज्यांना ते दार ठाऊक होतं त्यांनी याच शहरात, आणि फार आधी, वेगळं काहीतरी करून दाखवलं. गिरगावला लागून असलेल्या गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ साली नोंदली गेली. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. जागा संस्थेची, सभासदाला राहण्याचा हक्क. एका माणसाच्या नावावर काही नाही आणि तरी प्रत्येकाचं नाव वहीत. आज आपण ज्याला सोसायटी म्हणतो तिची ही आजी. आता गंमत पाहा. कारवार-कानड्याहून आलेले सारस्वत कारकून आणि रत्नागिरीहून आलेले गिरणी कामगार. दोघेही गाव सोडून आलेले, दोघेही जातीपातीच्या गोतावळ्यातच राहणारे, दोघांनीही जागा सामाईक ठेवायचं ठरवलेलं. मनाने दोघे सारखे. फरक एवढाच की एकांना इंग्रजीत घटना लिहिता येत होती. गिरणगावाकडे एकोपा कमी नव्हता, कागद कमी होता.

   

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि त्यांतली पुष्कळशी पुन्हा कधीच आत गेली नाहीत. गावकीच्या खोलीतली पाळी मोडली. तिघांपैकी दोघे गावी परतले, खुंट्या रिकाम्या झाल्या, वहीतल्या नावांपुढे फुल्या पडत गेल्या. जे राहिले त्यांनी हळूहळू बायका-मुलं आणली. खोलीत पडदा आला, गॅस आला, टीव्ही आला. पुढे गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं, १९९१ च्या नियमातला जमीनवाटपाचा एक-तृतीयांशाचा हिशेब २००१ मध्ये कसा आक्रसला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कसा उचलून धरला, यावर अनेक विद्वान बोलले आहेत. मी फक्त एवढंच पाहिलं की शेजारच्या गिरणीचा मॉल झाला तसा आमच्या चाळीकडे पाहणाऱ्यांचा डोळा बदलला. ज्या खोलीचं भाडं चहाच्या बिलाएवढं होतं तिच्यासाठी गाडीतून माणसं येऊ लागली.

पुनर्विकासाचं गणित सोपं आहे. उपकरप्राप्त इमारतीसाठी विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हे कलम आहे. भाडेकरूला नवी जागा फुकट, बिल्डरला त्या बदल्यात वाढीव बांधकाम. आधी किमान २२५ चौरस फूट होते, नंतर ३०० झाले. पात्रता ठरवायला १३ जून १९९६ ही तारीख धरतात; त्यानंतर खोलीचे तुकडे करून नवे भाडेकरू दाखवता येत नाहीत. बीडीडी चाळींचा मालक सरकारच असल्याने तिथलं मान वेगळं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून दोनशेहून अधिक इमारती, १६० चौरस फुटांच्या खोलीला ५०० फूट. वरळीच्या पहिल्या ५५६ जणांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. त्या दिवशी आमची एक मावशी नव्या घरात गेली आणि पहिल्यांदा संडासाचं दार आतून लावून पाच मिनिटं नुसती उभी राहिली. ज्यांनी सार्वजनिक संडासाच्या रांगेत टमरेल घेऊन पन्नास वर्षं काढली नाहीत त्यांनी चाळ वाचवायची भाषणं माझ्यापुढे करू नयेत.

पण मोजणीच्या दिवशी मी अनेकदा हजर राहिलो आहे. फीत धरणारी दोन पोरं येतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत धरतात, आकडा ओरडतात, तिसरा लिहितो. उंबऱ्यापाशी फीत थांबते. उंबऱ्याबाहेर गॅलरी. तिथे पापड वाळतात, तिथे कॅरम असतो, तिथे आजी रात्रीची झोपते, तिथे मयताचा अखेरचा नमस्कार होतो. फीत तिथे जात नाही, कारण ती कुणाच्याच पावतीवर नाही. मी एका तरुण अभियंत्याला विचारलं, याचं काय? तो म्हणाला, 'सर, नव्या इमारतीत पॅसेज आहे ना.' तो पॅसेज मी पाहिला आहे. दोन्हीकडे बंद दारं, वर ट्यूबलाइट, आणि पाटी: पॅसेजमध्ये चपला ठेवू नयेत.

आता गावाकडे चला, कारण हा हिशेब तिथेच उलटा होतो.

कोकणातल्या कुठल्याही वाडीचा सातबारा काढा. एका गुंठ्याला नावं चाळीस. पणजोबाची चार मुलं, त्यांची पंधरा, त्यांची पन्नास. कुणी लालबागला, कुणी विरारला, कुणी दुबईला, कुणी कधीच वारलेला पण उताऱ्यावर जिवंत. कागदावर सगळं गाव आहे आणि घराला कुलूप आहे. मुंबईत सगळं गाव खोलीत होतं आणि कागदावर एकटा माणूस होता. कोकणच्या सामाईक सातबाराला आपण इतकी वर्षं नावं ठेवली, की यामुळे बँक कर्ज देत नाही, बाग लागत नाही, भावाभावांत कज्जे होतात. सगळं खरं. पण आज दादर स्टेशनबाहेर उतरलात की कोकणातल्या प्लॉटच्या जाहिराती हातात पडतात, समुद्र दिसतो, धबधबा दिसतो. त्या प्लॉटसाठी गावोगाव फिरणारे दलाल चाळीस सह्या गोळा करता करता थकतात. माझ्याकडे असा एक जण आला होता, लालबागमधल्या तीन वारसांचे पत्ते हवे होते. मी दिले नाहीत, पण त्याचं दुःख ऐकून घेतलं. म्हणाला, 'साहेब, एकाच्या नावावर असतं तर कधीच सुटलं असतं.'

एकाच्या नावावर असलं की सुटतं. मी पस्तीस वर्षं जे कोर्टात शिकलो ते त्या दलालाने एका वाक्यात सांगितलं.

शेवटी एक दावा सांगतो. नावं सांगत नाही, कारण दोन्हीकडची मंडळी हयात आहेत, आणि मी यात अगदी निष्कलंक नाही.

लालबागमधली खोली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाची. पावती पन्नासच्या दशकातल्या एका माणसाच्या नावाने, कारण त्या वेळच्या पंचवीस जणांत सही करता येणारा तो एकटाच. तो वारला तेव्हा त्याचा मुलगा खोलीत राहत होता. पावती मुलाच्या नावावर झाली. संपानंतर बाकीचे पांगले, मुलगा राहिला, त्याचं लग्न तिथेच झालं. मग बिल्डर आला. गावाने म्हटलं, खोली आमची. मुलगा म्हणाला, पावती माझी. गावाचं मंडळ नोंदलेलं नव्हतं, म्हणून त्यांना प्रातिनिधिक दावा लावावा लागला, वर्तमानपत्रात नोटीस छापून. मुलाचा वकील मी होतो.

मुलगा लबाड नव्हता, हे आधी सांगतो. वीस वर्षं त्याने एकट्याने भाडं भरलं, छत गळलं तेव्हा पत्रे टाकले, गावातले म्हातारे केईएमला आले की त्याच्याच बायकोने त्यांना पेज करून घातली. त्याला वाटत होतं की खोली त्याची आहे, आणि कायद्यालाही तसंच वाटत होतं.

गावाच्या बाजूने एक म्हातारे साक्षीला उभे राहिले. रिंगमध्ये, म्हणजे सूतखात्यात, चाळीस वर्षं काम केलेले. गिरणीत राहून ऐकू कमी यायचं. मी उलटतपास घेतला.

'या खोलीत तुम्ही किती वर्षं राहिलात?'

'राहिलो नाही साहेब. झोपलो. बावीस वर्षं.'

'कुठे झोपायचात?'

'मोरीच्या बाजूला. तिसरी चटई.'

'खोली कुणाची?'

'गावाची.'

'गाव म्हणजे कोण? नावं सांगा.'

ते नावं सांगू लागले. वाडीवार, घरवार, वरच्या आळीपासून. सतराव्या नावाला न्यायाधीशांनी हात वर केला आणि म्हणाले, पुरे. मग मी माझा ठरलेला प्रश्न टाकला. 'मालकाचा माणूस विचारायला यायचा तेव्हा तुम्ही त्याला काय सांगायचात?' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न कुठे जातोय ते त्यांना कळलं होतं. 'सांगायचो, मी चुलता.' 'म्हणजे तुम्ही स्वतःच म्हणत होता की खोली याच्या वडिलांची आणि तुम्ही त्यांचे नातेवाईक?' ते काही बोलले नाहीत. 'साक्षीदार निरुत्तर' अशी नोंद झाली. कायद्याने त्यांना जे खोटं बावीस वर्षं बोलायला लावलं तेच मी त्यांच्या गळ्यात घातलं. दावा आम्ही जिंकलो. माझा अशील आज त्याच जागी, चौदाव्या मजल्यावर ३०० चौरस फुटांत राहतो. गणपतीला गावी जात नाही.

निकालानंतर तीनेक महिन्यांनी ते म्हातारे कोर्टाच्या जिन्यात भेटले. मला वाटलं, शिव्या देतील. त्यांना वही हवी होती. वर्गणीची वही गावाच्या बाजूने दाखल झाली होती आणि निशाणी पडून दप्तरात गेली होती. मी विचारलं, आता ती कशाला? ते म्हणाले, 'खोलीचं राहू दे साहेब. देवळाच्या कौलांचे पैसे कुणी किती दिले ते त्यातच आहे. पुढच्या वर्षी जीर्णोद्धार आहे.' विरुद्ध बाजूचा असूनही मीच अर्ज लिहून दिला, कागदपत्रं परत मिळण्यासाठी. अपिलाची मुदत टळली होती, आमची हरकत नव्हती, अर्ज मंजूर झाला. वही मिळाली. लाल कापडी बांधणीची, कडा वाळवीने खाल्लेल्या. कारकुनाने पोच घ्यायला रजिस्टर पुढे केलं. म्हाताऱ्यांनी चष्मा लावला आणि नावाच्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'समस्त ग्रामस्थ'.

कारकुनाने रजिस्टर परत ओढून पाहिलं. 'बाबा, असं चालत नाही. एक नाव लिहा.'